तेवीस नंबरच्या टॅबमधली गल्ली

मुलांच्या टॅबवर काय चाललं आहे ते मला माझ्या टॅबवर दिसतं, हे मी मुलांना कधी सांगितलं नव्हतं. मुद्दाम लपवलं असंही नाही. कुणी विचारलं नाही आणि मी बोलले नाही. एकूणच मी कमी बोलते. स्टाफरूममधल्या माझ्या शेजारणीचं म्हणणं असं, की हिच्याकडून काही काढून घ्यायचं म्हणजे नारळ सोलायचं काम. तर आज माझा मीच सोलते आहे.

आमची शाळा अंबरनाथची, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरून थोडी आत. मराठी माध्यमाची, दोन सत्रांत भरणारी. सकाळी मोठे वर्ग, दुपारी पाचवी ते सातवी. बाकं तीच, फळा तोच, खडखडणारा पंखाही तोच. फक्त मुलं बदलतात. सकाळच्यांनी बाकात टाकलेल्या बोरांच्या बिया दुपारच्यांना सापडतात आणि दुपारच्यांनी चिकटवलेलं च्युइंगम सकाळच्यांच्या गुडघ्याला लागतं. याच्यापलीकडे दोन्ही सत्रांची ओळख नसते. घंटा होते, एक लोंढा फाटकातून बाहेर पडतो, दुसरा आत घुसतो. शिक्षक कमी झाल्यापासून मी मात्र दोन्हीकडे असते. भूगोल शिकवते. राहते उल्हासनगरला, सकाळी निघते ती संध्याकाळी दिवे लागल्यावर घरी.

टॅब एका कारखान्याने दिले. त्यांची माणसं आली, फीत कापली, फोटो काढले आणि एक स्टीलचं कपाट भरून टॅब ठेवून गेली. मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो. त्यांनी सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली आणि म्हणाल्या, "तुम्ही घ्या टॅबचं. तुम्ही शांत आहात." शांत असण्याचा आणि टॅबचा काय संबंध ते मला कळलं नाही, पण विचारलं नाही. शेजारणीच्या पर्समधल्या लाल नेलपॉलिशने मी प्रत्येक टॅबच्या पाठीवर नंबर घातला. ज्याचा हजेरीचा जो नंबर, त्याला तो टॅब. भांडण नको म्हणून.

शिक्षकाचा टॅब वेगळा. त्यावर सगळ्या मुलांच्या टॅबचे छोटे छोटे चौकोन दिसतात, खिडक्यांसारखे. एका चौकोनावर बोट ठेवलं की तो मोठा होतो. खाली एक बटण आहे, ते दाबलं की सगळ्यांचे पडदे काळे होतात आणि 'इकडे लक्ष द्या' अशी अक्षरं येतात. आमचे शिपाईमामा त्या टॅबला सीसीटीव्ही म्हणत. मी हसायचे. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

खरं सांगायचं तर मला ते चौकोन बघायचं वेड लागलं. वीसेक वर्षं मी मुलांसमोर उभी राहते आहे, पण मुलं काय करतात हे मला पहिल्यांदा दिसत होतं. नाहीतर वर्ग म्हणजे माना खाली घातलेली डोकी. आता त्या डोक्यांच्या आतलं थोडं थोडं बाहेर सांडत होतं. एक मुलगी कॅल्क्युलेटरवर एकात एक मिळवत बसायची, आकडा किती मोठा होतो ते बघायला. पुढच्या तासाला ती जिथे सोडलं होतं तिथून सुरू करायची, कारण आकडा तिने पाठ केलेला असायचा. दोघांची शर्यत लागायची, आफ्रिकेतून निघून आपल्या शाळेच्या पत्र्यावर आधी कोण पोचतो. थंडीच्या दिवसांत एक जण टॅब गालाला लावून बसायचा, कारण चालून चालून तो गरम झालेला असतो. त्याचा चौकोन मला नुसता थरथरताना दिसायचा आणि मी वर मान करून बघितलं की मग उलगडा व्हायचा. आणि कुठल्याही वर्गाला उपग्रहाचा नकाशा उघडून दिला, की आधी सगळे आपापलं घर शोधतात. प्रत्येक वर्ग. कुणी सांगावं लागत नाही. घर सापडेपर्यंत मी शिकवायला सुरुवातच करत नसे.

टॅब सांभाळायचे म्हणजे दोन गोष्टी. तासाला मुलं भरकटू द्यायची नाहीत, आणि तास संपला की टॅब रिकामे करायचे. दुसरा नियम मोठ्या बाईंचा. पीटीच्या सरांचा खुर्चीत डुलकी घेतानाचा फोटो काढून कुणीतरी अकरा नंबरच्या टॅबवर वॉलपेपर म्हणून लावला होता आणि तो नेमका पालकसभेच्या दिवशी उघडला. तेव्हापासून प्रत्येक सत्र संपलं की फोटो, चित्रं, लिहिलेलं, सगळं पुसायचं. सकाळचं दुपारला दिसता कामा नये. मोठ्या बाई म्हणायच्या, "टॅब रिकामा, डोकं शांत." मी पुसायचे. एक सोडून.

नकाशातली चिन्हं शिकवण्यासाठी मी मुलांना चित्राच्या ॲपमध्ये आपली गल्ली काढायला सांगितली होती. सकाळी आठवीला आणि दुपारी पाचवीलाही. पुसताना तेवीस नंबरच्या टॅबवर माझं बोट थांबलं. आठवीतल्या कुणीतरी बुवापाड्यातली गल्ली काढली होती. कोपऱ्यावर 'बुवापाडा' असं लिहिलेलं. सार्वजनिक नळ, गिरणी, बुद्धविहारावरचा पाच रंगांचा झेंडा, त्यातला प्रत्येक पट्टा नीट रंगवलेला. पायऱ्यांवर चपला. आणि गल्लीच्या शेवटी, चाळीच्या भिंतीला अगदी चिकटून, एक उंच इमारत. ती गल्लीत शोभत नव्हती. तिच्या फाटकावर लिहिलं होतं 'हेंद्रेपाडा'. वरच्या बाल्कनीतून एक दोरी खाली सोडलेली, नळापर्यंत, आणि दोरीला बादली.

मला ते इतकं आवडलं की म्हटलं, उद्या पुसू.

दुपारी पाचवीच्या हातात तोच टॅब गेला. मी विसरले होते म्हणावं तर तसं नव्हतं. संध्याकाळी उघडून बघितलं तर गल्लीत एक शेळी आली होती आणि तिच्या मागे दोन पिल्लं. रेघा वाकड्या, लहान हाताच्या. पुढच्या खेपेला आठवीच्या तासानंतर बघितलं, तर पिल्लांच्या गळ्यात घंटा होत्या. त्या दुपारी गिरणीच्या दाराला निळा रंग लागला आणि शेजारी बाण काढून लिहिलं गेलं, 'नवीन'. सकाळी आठवीच्या हाताने त्या दाराशी एक माणूस काढला, पिठाने पांढरा झालेला, हातात ब्रश.

म्हणजे दुपारच्या मुलाला किंवा मुलीला ती गल्ली ओळखीची होती आणि ते मूल तिथल्या बातम्या देत होतं. आणि सकाळचं जे कुणी होतं, ते त्या बातम्यांची वाट बघत होतं. शाळेत एकमेकांना कधी न भेटलेली दोन मुलं एका पाटीवर एक गल्ली वाढवत होती. गटाराला झाकण बसलं, ते आलं. कुणाच्या तरी खोलीवर नवे पत्रे पडले, ते आले. एकदा नळापाशी भांडण आलं: दोन बायका, दोन हंडे आणि मधे पुष्कळ रेघोट्या.

हजेरी बघितली असती तर तेवीस नंबर कोण ते मला लगेच कळलं असतं. नुसती मान वर केली असती तरी कळलं असतं. मी करत नसे. माणसाला आवडीची गोष्ट लांबवावीशी वाटते, तसं झालं होतं. एका शनिवारी तर मी शाळा सुटल्यावर मुद्दाम बुवापाड्यात गेले. गिरणीचं दार खरंच निळं होतं. शेळी बांधलेली होती. चक्कीवाल्याने विचारलं, "काय पाहिजे बाई?" मी म्हटलं, "काही नाही, बघतेय." तो म्हणाला, "बघा. बघायला पैसे नाहीत." पिल्लांच्या गळ्यात घंटा नव्हत्या, याचं मला उगाच वाईट वाटलं.

आणि त्यानंतरच्या आठवड्यात मी ती गोष्ट केली.

शाळा सुटली होती. टॅब गोळा करून कपाटापाशी बसले होते आणि नेहमीप्रमाणे तेवीस नंबर आधी उघडला. गल्ली आता पडद्यात मावत नव्हती इतकी भरली होती. आणि ती इमारत तिथेच, चाळीला चिकटून. मला इतके दिवस ते खटकत होतं. हेंद्रेपाडा बदलापूरला, तेही पश्चिमेला. बुवापाडा अंबरनाथला. दोन वेगळी गावं. मी भूगोलाची शिक्षिका. मुलांच्या वहीत महाराष्ट्राच्या नकाशात कोयना नदी विदर्भात वाहताना दिसली तर जे होतं तेच झालं. त्या ॲपमध्ये एखादी वस्तू बोटाने घेरली की ती उचलता येते. मी इमारत घेरली, उचलली आणि कागदाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. बादलीची दोरी मधेच तुटली, ती पुसून टाकली. मग मधल्या रिकाम्या जागेत रूळ काढले, छान समांतर, पाठ्यपुस्तकात असतात तसे, आडव्या रेघा मारून. एका बाजूला लिहिलं अंबरनाथ, दुसऱ्या बाजूला बदलापूर. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. आता कसं, असं मनाशी म्हटलं. आपणही त्यांच्या खेळात भिडू झालो, असं काहीतरी वाटून मला आनंदही झाला होता.

दुसऱ्या दिवशी आठवीचा तास. मी माझ्या टॅबवर तेवीस नंबरचा चौकोन मोठा करून ठेवला होता, काय उत्तर येतं ते बघायला. चित्र उघडलं. बराच वेळ काहीच हललं नाही. मग इमारतीवर खोडरबर फिरू लागलं. आधी बाल्कनी गेली, मग मजले, मग फाटक. 'हेंद्रेपाडा' ही अक्षरं एक एक करून गेली, मात्रा मागे राहिली होती तीही गेली. त्या दिवशी मी पहिल्यांदा मान वर केली.

खिडकीजवळची मुलगी. वर्गात हात वर न करणारी, पण वही स्वच्छ. तिचे बाबा कारखान्यात कामाला जाताना सकाळी तिला मोटरसायकलवर सोडतात, एवढं मला माहीत होतं, कारण ती रोज वेळेच्या आधी येऊन व्हरांड्यात बसायची. बाकीचं मी नंतर विचारून घेतलं, तिच्या वर्गशिक्षिकेकडून. दिवाळीत त्यांनी बदलापूरला फ्लॅट घेतला. त्याआधी जन्मापासून बुवापाड्यात. वर्ष अर्धवट म्हणून शाळा बदलली नाही.

म्हणजे तिने नकाशा काढलाच नव्हता. तिने आपलं नवं घर उचलून आपल्या गल्लीत आणून ठेवलं होतं. गल्लीतल्या कुणीतरी, दुपारच्या त्या अनोळखी हाताने, ते राहू दिलं होतं, शेजारी शेळी बांधली होती. आणि एका सकाळी तिने बघितलं तर घर गल्लीबाहेर काढलेलं, आणि परत येऊ नये म्हणून मधे रूळ घातलेले. तिला हेच दिसलं असणार. दुसरं काय दिसणार?

त्या तासालाच मला उठून तिच्याजवळ जायला हवं होतं. मी बटण दाबलं. सगळ्यांचे पडदे काळे झाले, 'इकडे लक्ष द्या', आणि मी मान्सूनचे वारे शिकवायला लागले.

दुपारची तेवीस नंबर म्हणजे पाचवीतली एक चिमुरडी, दोन घट्ट वेण्या आणि बोलण्यात कुणाला ऐकणार नाही अशी. तास संपल्यावर टॅब घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली.

"बाई, यातलं घर कुणी पाडलं?"

"कुठलं घर?"

"मोठं होतं. बादलीवालं. नगरपालिकेवाले आले होते काय?"

मागची मुलं हसली. मी म्हटलं, "अपडेट आला असेल."

"अपडेटमध्ये घर पडतं?"

"कधीकधी पडतं."

तिने ते खरं मानलं. मला ते अजून टोचतं. आठवीतल्या मोठीच्या बाबतीत मी गप्प राहिले, या छोटीशी मी खोटं बोलले, आणि तेही किती सहज. यंत्र समोर होतं, त्याच्यावर ढकललं.

पण छोटी काही गप्प बसणारी नव्हती. पुढच्या तासाला तिने ते घर पुन्हा काढलं, चाळीला चिकटून, वाकडंतिकडं, खिडक्या बाहेर गेलेल्या. आठवीच्या तासाला मोठीने ते पुसलं. छोटीने परत काढलं, या खेपेला दोरी आणि बादलीसकट. मोठीला ती थट्टा वाटली असावी, कारण तिने पुसताना आजूबाजूचा चाळीचा तुकडाही पुसला. मी दोघींकडे काचेतून बघत होते. एक काढते आहे कारण दुसरीचं घर अपडेटमध्ये पडलं. दुसरी पुसते आहे कारण तिला वाटतं आपल्याला हाकललं. आणि दोघींच्या मधे मी, हातात बटण.

मग एक दिवस मोठी आली. "बाई, मला दुसरा टॅब द्या ना. याचा टच बरोबर नाही."

टच उत्तम होता. मी तिला छत्तीस नंबरचा दिला.

त्या शनिवारी तेवीस नंबर पिशवीत घालून मी उल्हासनगरला घेऊन गेले. आमच्या कॅम्पात, म्हणजे उल्हासनगरातल्या आमच्या भागात, एक सिंधी दुकानदार आहे, मोबाइल-टॅब दुरुस्त करतो, माझ्या ओळखीचा. त्याला म्हटलं, यातलं पुसलेलं परत आणता येईल का. त्याने चित्र उघडून बघितलं, चष्मा वर केला.

"मॅडम, पूरा फोटो डिलीट हुआ हो तो निकाल के देंगे. चित्र के अंदर का घर मिटाया, वो किधर से लाऊँ? आप आधा खाया हुआ समोसा लेके आई हो, बोलती हो साबूत कर दो."

"काहीच होणार नाही?"

"होगा. नया टेम्पर ग्लास लगा दूँगा, बच्चे लोग ने इसपे बहुत स्क्रॅच मारा है." मग त्याने विचारलं, "घर किसका था?"

मी म्हटलं, "एका मुलीचं." त्याने काच बसवून दिली.

हे सगळं चालू असताना माझं नाव झालं होतं. बदलापूरच्या एका शाळेत आसपासच्या शिक्षकांची बैठक होती आणि मोठ्या बाईंनी मला उभं केलं: वर्गात टॅब कसे सांभाळावेत, यावर बोला. मी बोलले. नंबर कसे घालावेत, चार्जिंग कसं करावं, पडदे काळे कधी करावेत आणि कधी करू नयेत, मुलांना घर शोधू का द्यावं. लोक हसले, लिहून घेत होते. शेवटी उल्हासनगरच्या एका तरुण शिक्षिकेने हात वर केला.

"मॅडम, एक विचारू? तुम्हाला सगळं दिसतं, हे मुलांना माहीत असतं का?"

"म्हणजे?"

"नाही, माझी मुलगी पण शाळेत टॅब वापरते. तिच्या बाईंना दिसत असेल तर तिला सांगितलेलं बरं, असं आपलं मला वाटलं."

मी म्हटलं, "चांगला प्रश्न आहे," आणि पुढचा मुद्दा घेतला. मग चहा झाला. ती शिक्षिका बिस्किटं घेताना माझ्याकडे बघून साधं हसली. तिच्या मनात काही नव्हतं. मला चहा गेला नाही.

सोमवारी सकाळी मी शाळेत लवकर गेले. मोठी व्हरांड्यात बसली होती. मी तिला कपाटाच्या खोलीत बोलावलं. ती दारातच उभी राहिली.

"मी काही केलं का बाई?"

"तू नाही. मी केलं." आणि मग तिथे थांबले तर पुन्हा गप्प होईन म्हणून एका दमात सांगितलं, "तेवीस नंबरमधले रूळ मी काढले. तुझी बिल्डिंग मी हलवली. दुपारच्या वर्गाने नाही."

तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग कपाटाकडे.

"का पण?"

"मला वाटलं नकाशा चुकला आहे."

"नकाशा कुठे होता तो," ती म्हणाली. रागाने नाही, मला कसं कळलं नाही याचं नवल वाटून. मग म्हणाली, "मला वाटलं त्या दुपारवाल्याने मला हाकललं."

"ती मुलगी आहे. पाचवीतली."

"पाचवीतली?" तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. "तरीच शेळीला पाच पाय." मग ते हसू गेलं. "पण बाई, तुम्हाला कसं कळलं आमचं? तुम्ही रोज बघत होतात?"

"हो."

"टॅब गोळा केल्यावर?"

"तासाला पण. माझ्या टॅबवर सगळ्यांचं दिसतं."

ती काहीतरी आठवत असावी. मग तिने हळू विचारलं, "मी एकदा लिहिलं होतं. आणि लगेच पुसलं होतं. ते पण?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. ते एकच वाक्य होतं, इमारतीच्या गच्चीवर लिहिलेलं: मला इथे कुणी हाक मारत नाही. डोळ्याची पापणी लवेपर्यंत पुसलंही होतं.

"ते पण," मी म्हटलं.

बाहेर मुलं यायला लागली होती. मी माफी मागितली, पण ती इतकी हळू मागितली की तिला ऐकू आली की नाही कोण जाणे. जाताना ती दारात वळली.

"दुपारवाली कोण आहे ते सांगू नका. खोली माहितीये मला. नळाच्या पलीकडची, जिथून गिरणीचं दार दिसतं. नाहीतर तिला निळा रंग लगेच कसा कळला?" आणि मग, "मला तेवीस नंबरच द्या परत."

त्याच दिवशी आठवीच्या तासाला मी वर्गाला सांगितलं, की तुम्ही काय करता ते मला दिसतं, आणि ते आधीच सांगायला हवं होतं. शेवटच्या बाकावरून आवाज आला, "माहितीये बाई. मामांनी सांगितलंय." अर्ध्या वर्गाला माहीत होतं. उरलेला अर्धा माझ्याकडे बघत होता, आणि त्यांच्याकडे मला बघवत नव्हतं. कॅल्क्युलेटरवाल्या मुलीने टॅब पालथा घातला. मी तो तसाच राहू दिला. त्यानंतर टॅब हातात देण्याआधी आज बघणार की नाही ते मी सांगते. न बघण्याच्या दिवशी वर्ग थोडा भरकटतो. भरकटू देते.

मोठ्या बाईंनाही सांगितलं, की एक टॅब मी इतके दिवस पुसला नव्हता. त्या म्हणाल्या, "आणि मी सगळीकडे तुमचं कौतुक करत फिरतेय." मग म्हणाल्या, "बसा, चहा घ्या." त्यांनी टॅब माझ्याकडून काढून घेतले नाहीत. घेतले असते तर मला हलकं वाटलं असतं.

राहिली छोटी. तिला दुपारी बाजूला घेऊन म्हटलं, "तो अपडेट नव्हता. घर मी हलवलं होतं, म्हणून ते पडलं. मी तुला खोटं सांगितलं."

तिने वेण्या मागे टाकल्या. "तुम्ही? मग तुम्हाला कोण ओरडणार?"

"तू ओरड."

तिने विचार केला. "नको. घरी ओरडाआरडा खूप होतो." मग म्हणाली, "त्या मुलीला सांगितलं का?"

"मुलगी आहे हे तुला कुणी सांगितलं?"

"घंटा घातल्यात ना पिल्लांना," ती म्हणाली, जणू यापेक्षा वेगळा पुरावा लागतच नाही.

तेवीस नंबर मी त्यानंतर उघडला नाही. तास संपला की बाकीचे टॅब पुसायचे आणि तो तसाच कपाटात ठेवायचे. मोठ्या बाईंच्या परवानगीने. घर परत उभं राहिलं की नाही, रूळ आहेत की गेले, मला माहीत नव्हतं. माझ्या टॅबवर तो एक चौकोन मी बंद करून घेतला होता, नाहीतर माझा माझ्यावर भरवसा नव्हता. तास चालू असताना मोठीच्या चेहऱ्याकडे बघून काही ताडता येतं का, ते बघायचे. येत नसे. ती पहिल्यासारखीच, हात वर न करणारी.

बरेच दिवस गेले. एका सोमवारी मधल्या सुट्टीत छोटी धावत आली. तोंडात अर्धी चपाती.

"बाई, तेवीस नंबर आता पुसलात तरी चालेल."

"का गं?"

"ती आली होती काल. आमच्या गल्लीत. नळावर माझ्या मम्मीने तिला ओळखलं, म्हणाली, अगं तू किती उंच झालीस. मग ती आमच्याकडे जेवली. पुढच्या रविवारी पण येणार."

मला एकदम किती तरी विचारायचं होतं. चालत आली की कुणी सोडलं, शेळी बघितली का, हेंद्रेपाड्यातल्या त्या बाल्कनीबद्दल काही बोलली का, माझ्याबद्दल बोलली का. मी एवढंच विचारलं, "मग काय काय बोललात तुम्ही दोघी?"

"पुष्कळ," छोटी म्हणाली आणि घास गिळला. "पण बाईंना सांगायचं नाही, असं ठरलंय."

"थोडंसं तरी?"

तिने ओठ घट्ट मिटले, मान हलवली आणि मैदानाकडे पळाली.